रोबो हात हलवतोय, पण पेशंट हलवतोय का? पक्षाघातानंतरच्या थेरपीत या चुका टाळा

पक्षाघातानंतर रोबोवर, म्हणजे हात बांधून तो हलवायला मदत करणाऱ्या यंत्रावर, हाताचा व्यायाम सुरू झाला की घरचे पहिल्याच दिवशी खूश होतात. काल न हलणारा हात आज यंत्राच्या पडद्यावरच्या खेळातला चेंडू सरकवतोय! पण तो नेमका कुणाच्या जोरावर सरकतोय, हे आधी बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गरजेपेक्षा जास्त मदत. यंत्र सगळं काम करतंय असं दिसलं की मेंदू आणि स्नायू अंग काढून घेतात. पेशंट टीव्हीकडे बघत बसलाय आणि हात आपोआप फिरतोय, अशा सेशनमध्ये सांधे मोकळे राहतील, पण मेंदू फारसं काही शिकणार नाही. तपासायला सोपं आहे. हालचाल सुरू होताना दंडावर तळवा ठेवा. स्नायू घट्ट होत नसेल, तर काम यंत्र करतंय. मग थेरपिस्टना मदतीची पातळी उतरवायला सांगा, इतकी की काही चेंडू चुकलेच पाहिजेत. हात अजिबात उचलत नसेल, तरी आधी पेशंटने जोर लावायचा आणि यंत्राने मागून साथ द्यायची, हा क्रम सोडू नका.

दुसरी गडबड बसवण्यात होते. हाताभोवती सांगाड्यासारखं चढवायचं यंत्र असेल, तर त्याची बिजागरी कोपराच्या सांध्यासमोरच यायला हवी. जरा वरखाली झाली की पट्टा कातडीवर घासतो आणि ताण थेट खांद्यावर जातो. पक्षाघातात खांदा आधीच सैल पडलेला असू शकतो, त्यामुळे दुखलं की थांबायचं. ‘थोडं सहन करा’ हा सल्ला इथे चालत नाही. हाताची संवेदना गेली असेल तर पेशंटला घासल्याचं कळणारही नाही. पट्टे काढल्यावर कातडीवर लाल वळ आहेत का, ते स्वतः बघा.

हात पुढे जातोय, पण कमरेतून वाकून? मग धड खुर्चीला पट्ट्याने बांधून घ्या. व्यायाम करताना हात जास्तच ताठर होत असेल, तर वेग कमी करा. झटक्याने ताणलं की ताठरपणा वाढतो.

आता स्कोअरबद्दल. पडद्यावरचे गुण वाढले, पण शर्टचं बटण लागत नाही, ही तक्रार खरी आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ७७० पेशंट होते. त्यातल्या एका गटाला आठवड्यातून ३ वेळा ४५ मिनिटं, असे १२ आठवडे ‘एमआयटी-मॅनस’ रोबोवर प्रशिक्षण दिलं. हाताची हालचाल काहीशी सुधारली, पण हात वापरून कामं करण्यात हा गट नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरला नाही. पण तेवढ्यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाही. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात रोबोवर एका सेशनमध्ये सरासरी १,०२४ हालचाली झाल्या. नेहमीच्या थेरपीत एवढ्या हालचाली सहसा होत नाहीत! या आवर्तनांसाठीच रोबो वापरावा, असं माझं मत.

रोजच्या कामांचा सराव मात्र वेगळा हवा, म्हणून सेशनची शेवटची १५ मिनिटं यंत्र बंद ठेवायला थेरपिस्टना सांगा. टेबलावर पेला, कंगवा, टॉवेल ठेवा आणि त्याच हाताने उचलायला लावा. पेला सुरुवातीला रिकामा आणि प्लास्टिकचा असू द्या.