गावाच्या नावातला ‘डून’ कसा ओळखावा

इंग्लंडमध्ये ‘डाउन’ म्हणजे टेकडी. दक्षिणेतल्या खडूच्या लांबलचक टेकड्या ‘साउथ डाउन्स’ म्हणूनच ओळखल्या जातात. मूळ जुना इंग्रजी शब्द ‘डून’. ‘खाली’ या अर्थाचा डाउनही त्याचाच : ‘ऑफ डूने’, म्हणजे टेकडीवरून, पुढचा ‘ऑफ’ झिजत गेला आणि टेकडीचं नाव उताराची दिशा झालं. भाषेत इतकी सुंदर उलटापालट क्वचितच सापडते.

गावांच्या नावाशेवटी हाच ‘डून’ आज ‘-डन’ होऊन उरतो, पण ‘-डन’ दिसला की लगेच टेकडी समजू नका. आधी नावाचं सर्वात जुनं लिखित रूप शोधा. १०८६ चं डूम्सडे बुक (इंग्लंडमधल्या जमिनींची सरकारी नोंदवही) आणि इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार खंड इथे कामी येतात. स्विंडनचं १०८६ मधलं रूप ‘सुइंडुने’, म्हणून डुकरांची टेकडी. क्रॉयडनचं मात्र ‘क्रोइन्डेने’. त्यात ‘डेनु’ आहे, म्हणजे दरी, बहुधा केशराची. आजचा शेवट सारखा, अर्थ नेमका उलटा! बोलताना शेवटचं अक्षर आघाताविना पुसट होतं, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच ‘-डन’मध्ये मिसळले.

मग उंचीच्या रेषा असलेला नकाशा उघडा. ‘डून’ बहुतेकदा रुंद, सपाट माथ्याची, वस्तीला सोयीची टेकडी असते. जुनं रूप आणि जमीन जुळली तरच अर्थ पक्का धरा.

लंडन या यादीत येत नाही. ते नाव रोमन काळातल्या ‘लोंडिनियम’पासून, इंग्रजीच्या आधीचं आहे.