क्रीडासंस्थेचा इतिहास कसा लिहावा: वोलोंगाँगच्या हॉक्स क्लबाच्या आधाराने

बडोद्यातील एखाद्या व्यायामशाळेची किंवा क्रीडामंडळाची शताब्दी आली की स्मरणिका काढली जाते, आणि शुभेच्छासंदेश, विश्वस्तांची छायाचित्रे व जिंकलेल्या ढालींची यादी यांतच तिची बहुतेक पाने संपतात. संस्था इतकी वर्षे टिकली कशी, हे त्यात क्वचितच सापडते. ज्यांना हा इतिहास खरोखर लिहायचा आहे, त्यांनी आधी एका परक्या क्लबाचा इतिहास बारकाईने अभ्यासावा असे मी आग्रहाने सुचवेन. कारण जे प्रश्न आपल्या मंडळातील ज्येष्ठांना विचारताना संकोच वाटतो, ते परक्या संस्थेबद्दल मोकळेपणाने विचारता येतात. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील वोलोंगाँग या कोळशाच्या आणि पोलादाच्या शहरातील इलावारा हॉक्स हा बास्केटबॉल क्लब उत्तम आहे (इलावारा हे वोलोंगाँगच्या आसपासच्या प्रदेशाचे नाव).

प्रथम एकच मुख्य प्रश्न ठरवावा. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय बास्केटबॉल लीग १९७९ साली दहा संघांनिशी सुरू झाली आणि तेव्हापासून प्रत्येक हंगाम खेळलेला हॉक्स हा एकमेव क्लब आहे. त्याच राज्यातील आणि तशाच उद्योगांवर वाढलेल्या न्यूकॅसल शहराचा फाल्कन्स संघही पहिल्या हंगामात होता, पण १९९९ नंतर तो लीगमध्ये राहिला नाही. एक टिकला आणि दुसरा का टिकला नाही, हा प्रश्न समोर ठेवला की कोणती कागदपत्रे शोधायची हे आपोआप ठरत जाते.

त्यानंतर नावाचा मागोवा घ्यावा. हा क्लब १९९८ मध्ये ‘वोलोंगाँग हॉक्स’ झाला, २०१५ मध्ये पुन्हा ‘इलावारा’ झाला, २०२० मध्ये नावातून प्रदेशच गाळला गेला आणि लोकांच्या नाराजीनंतर २०२१ मध्ये तो परत आला. नाव बदलते तेव्हा बहुधा मालकी, प्रायोजक किंवा प्रेक्षक यांपैकी काहीतरी बदललेले असते. आपल्या मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल, तर नावातील आणि विश्वस्तांतील असे बदल धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतील नोंदींत पाहावेत. केवळ ऐकीव माहितीवर विसंबू नये.

सर्वाधिक वेळ पैशाच्या प्रकरणाला द्यावा. २००९ साली लीगची फेररचना झाली, तेव्हा आर्थिक हमीअभावी हॉक्स बाहेर पडण्याच्या बेतात होते. कर्णधार मॅट कॅम्पबेल याच्या पुढाकाराने ‘सेव्ह द हॉक्स’ ही मोहीम उभी राहिली, नागरिकांनी देणग्या दिल्या, आणि त्या भागात कोळशाच्या खाणी चालवणाऱ्या गुजरात एनआरई या भारतीय कंपनीचे अध्यक्ष अरुण जगतरामका यांच्याकडून दहा लाख डॉलरची बँक हमी मिळाली. गुजरातचे नाव धारण करणाऱ्या कंपनीने एवढ्या दूरच्या बास्केटबॉल संघाला हात द्यावा, हे बडोदेकर वाचकाला विशेष वाटेल. तथापि इतिहासकाराने तेथेच थांबू नये. खाण, शहर आणि संघ यांचे परस्परांशी काय नाते होते, हे उलगडले तरच ती हमी समजते. आपल्याकडेही एका मोठ्या देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरलेले असते आणि शेकडो लहान वर्गणीदार पावतीपुस्तकांत पडून राहतात. ती पावतीपुस्तके आणि हिशोबाच्या वह्या वर्षवार लावाव्यात, कारण कोणत्या वर्षी वर्गणी आटली आणि कोणी ती पुन्हा सुरू केली, हे त्यांतूनच कळते.

विजेतेपदांना मात्र थोडी जागा पुरे. हॉक्सने २००१ मध्ये टाउन्सव्हिल क्रोकोडाइल्सला आणि २०२५ मध्ये मेलबर्न युनायटेडला हरवून अजिंक्यपद मिळवले. मधली वर्षे क्लब कसा चालला, हाच खरा विषय आहे. बाकीचे निकाल परिशिष्टात द्यावेत. जागेबद्दल अधिक लिहावे, कारण ‘स्नेकपिट’ म्हणून ओळखला जाणारा बीटन पार्कचा सभागार सोडून क्लब १९९८ मध्ये मोठ्या क्रीडागृहात गेला, तेव्हा खर्च आणि प्रेक्षक यांचे गणितच बदलले.

साधनांसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ घरबसल्या विनामूल्य वापरता येते. त्यावरील बहुतेक वृत्तपत्रे १९५४ पर्यंतचीच आहेत, परंतु ‘कॅनबेरा टाइम्स’ १९९५ पर्यंत उपलब्ध आहे. कॅनबेराचा कॅनन्स संघ त्याच लीगमध्ये होता, म्हणून हॉक्सची सुरुवातीची वर्षे प्रतिस्पर्ध्याच्या गावच्या वर्तमानपत्रातून वाचता येतात. ही युक्ती इकडेही वापरावी. १९२३ साली बडोद्यात हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरली होती. अशा स्पर्धांचा शोध स्थानिक ‘सयाजीविजय’बरोबरच पाहुण्या संघांच्या गावच्या पत्रांतही घ्यावा.

मुलाखतींना रिकाम्या हाताने जाऊ नये. जुने सामूहिक छायाचित्र समोर ठेवून प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारावे, आणि मैदान आखणारे, पाणी भरणारे व चहा करणारे यांचीही नावे तितक्याच काळजीने टिपावीत. सभेची इतिवृत्ते मराठी, गुजराती किंवा मोडी लिपीत असली, तर मूळ पानाची प्रतिमा जपून मगच त्यांचा सारांश करावा. दोन साक्षी जुळत नसतील, तर दोन्ही छापाव्यात. पुस्तक तयार झाल्यावर त्याची एक प्रत आणि जमवलेल्या कागदांची सूची मध्यवर्ती ग्रंथालयाकडे सुपूर्त करावी.