फुल स्क्रीन केल्यावर व्हिडिओचे चित्र फुटत असेल तर

लहान चौकटीत नीट दिसणारा व्हिडिओ फुल स्क्रीन केला की चित्र फुटते, ही तक्रार ऐकायला एकच वाटली तरी तिच्यामागची कारणे निरनिराळी असतात. कारण न ओळखता नवा प्लेअर उतरवून घेणे किंवा दिसेल ते सेटिंग बदलत सुटणे यात केवळ वेळ जातो. त्यामुळे प्रथम फुल स्क्रीनवर व्हिडिओ मध्येच थांबवावा आणि चित्र जवळून न्याहाळावे. संपूर्ण चित्र सारखेच धूसर आणि चौकोनी ठिपक्यांचे दिसत असेल, तर संगणकापर्यंत पोहोचलेल्या चित्रातच तपशील कमी आहे. काही ठरावीक भागांतच हिरवे, गुलाबी किंवा राखाडी चौकोन उमटत असतील, तर माहिती वाचताना किंवा उलगडताना बिघाड होत आहे. हलत्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील, तर दोष चित्रीकरणाच्या पद्धतीतून आलेला आहे.

यानंतर एक साधी चाचणी घ्यावी. मोबाइलवर स्वतः काढलेला १०८०पी (फुल एचडी) दर्जाचा एखादा व्हिडिओ केबलने संगणकावर उतरवून घ्यावा आणि तो फुल स्क्रीन करून पाहावा. तो स्वच्छ दिसला, तर पडदा आणि संगणक बहुधा ठीक आहेत. तोही फुटला, तर संगणकाच्या सेटिंगकडे वळावे.

यूट्यूबसारख्या ठिकाणचा व्हिडिओ असेल, तर फुल स्क्रीन केल्यावर काही सेकंद थांबून पाहावे. दर्जा आपोआप ठरत असतो तेव्हा प्लेअर चौकटीचा आकार आणि इंटरनेटचा वेग पाहून तो निवडतो. चौकट लहान असताना पुढचा काही भाग कमी दर्जात आधीच उतरवलेला असतो, आणि तोच भाग मोठ्या पडद्यावर ताणला जातो. थोड्या वेळाने चित्र सुधारले, तर बिघाड काहीच नाही. सुधारले नाही, तर दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन दर्जा स्वतः निवडावा. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडल्यास प्रत्यक्षात कोणते रिझोल्यूशन (चित्रातील आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) चालू आहे, हे आकड्यांत दिसते. तेथे ६४०×३६० असे दिसत असेल आणि निवडीच्या यादीतही त्याहून वरचा दर्जा नसेल, तर व्हिडिओ चढवणाऱ्यानेच तो बहुधा तेवढाच चढवला आहे आणि पाहणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

वरचा दर्जा उपलब्ध असूनही टिकत नसेल, तर वेग तपासावा. १०८०पीसाठी साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) सलग मिळणे पुरेसे असते. गोव्यातील जुन्या घरांत चिऱ्यांच्या जाड भिंतींमुळे पुढच्या खोलीतील राउटरचा वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होतो, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. अशा घरात ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून अधिक आत जातो, मात्र त्याचा कमाल वेग कमी असतो. केबल ओढणे शक्य असेल तर तोच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पैसे भरून पाहण्याच्या काही सेवा संगणकाच्या ब्राउझरवर मुद्दाम कमी दर्जा देतात. तेथे दुसरा ब्राउझर किंवा त्या सेवेचे स्वतंत्र ॲप वापरून पाहावे.

चाचणीचा व्हिडिओही फुटला असेल, तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’ आणि मग ‘डिस्प्ले’ उघडून रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेल्या आकड्यावर आहे का, ते पाहावे. त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसल्यास खरा ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग चालवणारा प्रोग्रॅम) बसलेलाच नाही असे समजावे. दुरुस्तीनंतर विंडोज नव्याने घातलेल्या संगणकांत हे कधी कधी आढळते. ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट प्रोग्रॅमांपासून दूर राहावे. रंगीत चौकोन अधूनमधून उमटत असतील, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबून ड्रायव्हर पुन्हा सुरू करता येतो. तेवढ्याने भागले नाही, तर ब्राउझरमधील ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सोय) बंद करून पाहावे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये हेच काम ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इनपुट / कोडेक्स’ या भागात हार्डवेअर डिकोडिंग ‘डिसेबल’ करून होते. बंद केल्यावर चौकोन गेले, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा होता, आणि तो नवा बसवल्यावर ही सोय पुन्हा चालू करावी.

प्रत्यक्षात घरांतून येणाऱ्या तक्रारी बहुतांशी साठवलेल्या फाइलींच्या असतात. चतुर्थीत कोणी माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा) किंवा घुमट या वाद्यावर म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवतो. मोबाइलवर तो छान दिसतो, पण संगणकावर फुल स्क्रीन करताच माटोळीतील सुपारीचा घोस एक तपकिरी डाग होऊन जातो. व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ आवळून लहान करते, आणि आवळताना गेलेला तपशील परत येत नाही. पाठवणाऱ्याला तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगावे; २ जीबीपर्यंतची फाइल अशी मूळ रूपात येते.

जत्रेतील किंवा देवळाच्या उत्सवातील मराठी नाटकांचे जुने चित्रीकरण हा आणखी वेगळा विषय आहे, कारण ते अनेक घरांत व्हीसीडीवर आहे. आपल्याकडच्या व्हीसीडीवरील चित्र ३५२×२८८ म्हणजे १,०१,३७६ पिक्सेलांचे असते, तर फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. एका पिक्सेलला पंधरा ते वीस पिक्सेलांची जागा भरावी लागते, तेव्हा नायकाचा चेहरा फुटणारच. अशी फाइल व्हीएलसीत उघडून कंट्रोल आणि जे दाबल्यास तिचे रिझोल्यूशन दिसते. ती फुल स्क्रीन न करता ‘व्हिडिओ’ मेनूतील ‘झूम’मध्ये दुप्पट आकार निवडून पाहावी आणि थोडे मागे बसावे. ए हे बटण दाबत जाऊन आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण) ‘डीफॉल्ट’वर आणावा, कारण चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले की ते अधिकच विद्रूप दिसते. फाइल ‘एचडी’त रूपांतरित करून काही साधत नाही, केवळ तिचा आकार वाढतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र सुधारणारे प्रोग्रॅम नसलेला तपशील अंदाजाने भरतात. देवळाच्या कळसासाठी ते एक वेळ चालेल, पण आजोबांच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कोणाचे डोळे उमटलेले पाहण्यापेक्षा धूसर चेहरा बरा.

डीव्हीडीवरील चित्र ७२०×५७६ असल्याने बरेच बरे असते, पण कॅमकॉर्डरवर काढलेल्या चित्रीकरणात वर सांगितलेल्या आडव्या रेषा त्यातच दिसतात. त्यावर उपाय सोपा आहे: व्हीएलसीच्या ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करावे आणि त्याच्या प्रकारांतून ‘याडिफ’ निवडावा.

डिस्क लावल्यावर चित्र चौकोनांत तुटून आवाजही अडखळत असेल, तर प्लेअरच्या सेटिंगशी झगडू नये. पावसाळ्यातील दमट हवेत कपाटात राहिलेल्या डिस्कवर डाग पडलेले असू शकतात. ती मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. मग ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमधील ‘डॅट’ फाइल संगणकावर उतरवून घ्यावी आणि तीच चालवावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हला कधी कधी वाचता येते.

शेवटचा उपाय संगणकाबाहेरचा आहे. ज्या व्हिडिओवाल्याने नाटक चित्रित केले, त्याच्याकडे मूळ मिनीडीव्ही टेप (कॅमेऱ्यातली लहान डिजिटल कॅसेट) आहे का, याची चौकशी करावी. त्या टेपवरील चित्र ७२०×५७६ चे आणि सेकंदाला सुमारे २५ मेगाबिटचे असते, तर व्हीसीडीवर सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट चित्रासाठी असतात. टेप मिळाली, तर चालू स्थितीतील मिनीडीव्ही कॅमेरा आणि फायरवायरची (कॅमेरा जोडण्याच्या जुन्या पद्धतीची) सोय असलेला संगणक यांच्या साहाय्याने ती जशीच्या तशी उतरवून घेता येते. स्टुडिओत हे काम करून घेताना व्हीसीडी किंवा डीव्हीडीऐवजी मूळ डीव्ही फाइलच हार्ड डिस्कवर मागावी. तासाभराला सुमारे १३ जीबी जागा लागते.