अॅबस्ट्रॅक्ट (अमूर्त) चित्र बघायचं कसं

साताऱ्याकडं असाल तर आधी औंधला जा, यमाईच्या डोंगरावर श्री भवानी म्युझियम आहे, तिथं रवी वर्मा वगैरे बघून झालं की शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प शोधा. आई आन् मूल लगेच कळतं, पण चेहऱ्याचे तपशील जवळपास नाहीतच, नुसते गोलसर आकार. सुरुवातीला हेच बरं, कारण ओळख पूर्ण सुटलेली नसते.

मग मोबाईलवर डच चित्रकार माँद्रियानची 1908 ते 1912 मधली झाडांची चित्रं काढा आणि वर्षांप्रमाणं ओळीनं बघा, आधी नीट झाड, मग नुसत्या फांद्यांच्या रेषा, मग झाड जवळजवळ गायबच! हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातल्या व्याख्या लागत नाहीत, खरंच.

चित्रकार एस. एच. रझांचा बिंदू, म्हणजे चित्रातला तो गोल, सोपा आहे, तो नंतर बघितला तरी चालेल.

चित्रकार वासुदेव गायतोंडे मात्र सावकाश बघा. ते स्वतःच्या कामाला नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूचं चित्र नसलेलं, म्हणायचे, म्हणून यात डोंगर का नदी असलं शोधूच नका. रोलर, पॅलेट नाईफ (रंगाची बोथट सुरी) वापरून रंगाचे थर दिलेत, कुठं खरवडलेत, तर कुठला थर पातळ, उजेड कुठून येतोय तेवढं बघा. मूळ चित्र समोर असेल तर एकदा जवळ जाऊन आन् एकदा लांबून, आणि शेजारची पाटी सगळ्यात शेवटी वाचा.