एचपीएसपीवर वैद्यकीय शिक्षण घेताना दुसरी पदवी कशी घ्यावी

अमेरिकेतल्या सैन्यदलांची हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप, म्हणजेच एचपीएसपी, १९७२ च्या कायद्याने सुरू झाली. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही शाखा ती देतात. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर ती मिळत नाही. कॉलेजची पूर्ण फी, पुस्तकं आणि उपकरणांचा खर्च सरकार करतं. वर्षातले साडेदहा महिने विद्यावेतन मिळतं. उरलेले ४५ दिवस सेकंड लेफ्टनंटच्या किंवा नौदलातल्या एन्साइनच्या पगारावर सैनिकी प्रशिक्षणात जातात. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतली, तर चार वर्षं सक्रिय सेवा करावी लागते, आणि रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या विशेषज्ञ प्रशिक्षणाची, वर्षं त्या फेडीत धरली जात नाहीत.

याच काळात पुष्कळ मुलामुलींच्या मनात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), एमबीए किंवा कायद्याच्या पदवीचा विचार येतो. तो रास्त आहे. साथींचा अभ्यास, इस्पितळाचा कारभार, आरोग्यविषयक कायदे यांची जाण असलेला डॉक्टर सैन्याला हवाच असतो. पण शिष्यवृत्तीचा करार एका पदवीसाठी आणि ठरलेल्या तारखेला डॉक्टर होण्यासाठी केलेला असतो. दुसरी पदवी त्या तारखेला धक्का लावते की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी कॅलेंडर तपासा

कॉलेजच्या जोडपदवीचा आराखडा मागवा आणि डॉक्टरकीची पदवी हातात पडण्याची तारीख पाहा. काही कॉलेजांत एमपीएच डॉक्टरकीच्या चार वर्षांतच बसवता येतं: थोडे विषय उन्हाळ्यात, थोडे ऑनलाइन, काही क्रेडिट दोन्हीकडे धरलेली. तारीख हलत नसेल तर अडचण फारशी नाही. एमबीए जोडलं की बहुतेक ठिकाणी पाच वर्षं लागतात, कायद्याची पदवी जोडली की साधारण सहा. पीएचडीला सात-आठ वर्षं सहज जातात.

तारीख बदलत नसली, तरी दुसऱ्या पदवीची फी शिष्यवृत्तीतून मिळेल असं धरून चालू नका. वैद्यकीय पदवीसाठी जे विषय सक्तीचे आहेत, त्यांचाच खर्च तिथून होतो. बिलात दोन्ही अभ्यासक्रमांची फी एकत्र आली तर कॉलेजच्या लेखा विभागाकडून ती वेगळी करून घ्या. नाहीतर पूर्ण बिल अडकून पडतं आणि थकबाकी तुमच्या नावावर दिसायला लागते.

प्रवेश घेण्याआधी लेखी परवानगी

ही पायरी कधीही गाळू नका. पदवीची तारीख पुढे जाणार असेल, तर तुमच्या शाखेच्या शिष्यवृत्ती कार्यालयाची आधी मंजुरी लागते. विचारायचं ते या कार्यालयालाच, भरती अधिकाऱ्याला नाही. भरती अधिकाऱ्याचं काम सही होईपर्यंतचं असतं, त्यानंतर तुमची फाइल दुसऱ्यांकडे जाते. "मला तेव्हा असं सांगितलं होतं" या वाक्याला तिथे काही वजन नसतं.

अर्ज छोटा पण नेमका लिहा. कोणती पदवी, कधी सुरू, कधी पूर्ण, डॉक्टरकीची जुनी तारीख कोणती, नवी कोणती, आणि कोणत्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे नको आहेत. सोबत दोन्ही विभागांच्या डीनचं पत्र जोडा. या पदवीचा सैन्याला काय उपयोग, हे दोन-तीन वाक्यांत सांगा, आणि ते मनापासून असू द्या. अर्ज वाचणारे अधिकारी असे शेकडो कागद पाहतात.

मग चार प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं ईमेलवर घ्या. त्या वर्षी माझा दर्जा काय राहील? विद्यावेतन नक्की कोणत्या दिवशी थांबेल आणि कधी सुरू होईल? ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाचं काय? सेवेच्या वर्षांत वाढ होईल का? ज्या वर्षी पैसे घेतले नाहीत, त्या वर्षासाठी शिष्यवृत्तीची फेड साधारणपणे वाढत नाही, पण तुमच्या बाबतीत ते कागदावर आलेलं असावं.

एक धोका इथेच सांगतो. त्या मधल्या वर्षासाठी ग्रामीण भागात सेवेच्या अटीवर पैसे देणारी दुसरी एखादी सरकारी शिष्यवृत्ती घेऊ नका. सेवेची दोन बंधनं एकमेकांना छेद देतात आणि दोन्ही करार धोक्यात येतात.

वर्ष कुठे बसवायचं

माझं मत स्पष्ट आहे: तिसरं वर्ष संपल्यावर, चौथं सुरू होण्याआधी. कारण सैन्याची रेसिडेन्सी निवड. एचपीएसपीच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाला लष्करी मॅचसाठी, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपासाठी, अर्ज करावा लागतो. निवड मंडळ साधारण नोव्हेंबरअखेर बसतं आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो, म्हणजे नागरी मॅचच्या तीन महिने आधी. त्याआधीच्या उन्हाळ्यात वॉल्टर रीड, सॅन अँटोनियोचं ब्रुक किंवा सॅन डिएगोचं नौदल रुग्णालय अशा लष्करी रुग्णालयांत रोटेशन, म्हणजे काही आठवड्यांचं प्रत्यक्ष काम, करून तिथल्या डॉक्टरांच्या नजरेत भरायचं असतं. चौथं वर्ष अर्ध्यात सोडून दुसऱ्या पदवीकडे गेलात, तर ती ओळख मॅचच्या वेळी शिळी झालेली असते.

रेसिडेन्सी १ जुलैच्या सुमारास सुरू होते. एमपीएचचा प्रबंध किंवा प्रत्यक्ष काम ऑगस्टपर्यंत लांबलं, तर ते अर्धवट राहण्याची शक्यता मोठी. आराखड्यात शेवटचा टप्पा मेआधी संपवा.

मधल्या वर्षाचा पैसा

विद्यावेतन थांबतं, घरभाडं थांबत नाही. ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं केंद्रीय कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद आहे आणि साध्या ग्रॅज्युएट अभ्यासक्रमाला केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर आहे. कॉलेजकडे फीमाफी, संशोधन सहायकाचं काम, विभागाची स्वतःची शिष्यवृत्ती यांची चौकशी वर्षभर आधीच करा. आरोग्य विमा विसरू नका. वय २६ च्या आत असेल तर आईवडिलांच्या पॉलिसीत राहता येतं. ते जमणार नसेल, तर कॉलेजच्या विम्याचे पैसे खर्चात धरा.

पीएचडी हवी असेल तर

तिच्यासाठी एचपीएसपी हा मुळात चुकीचा दरवाजा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एमडी-पीएचडी (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रशिक्षण योजनेत फी आणि विद्यावेतन दोन्ही मिळतं, तेही लष्करी सेवेच्या अटीशिवाय. गणवेशातच राहायचं असेल, तर बेथेस्डाचं युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी पाहा. हेही १९७२ च्याच कायद्यातून उभं राहिलं. तिथे फी नाही, विद्यार्थी पहिल्या दिवसापासून पगारी अधिकारी असतो आणि एमडी-पीएचडीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. मोबदल्यात एमडीनंतरची सक्रिय सेवा किमान सात वर्षांची. हा निर्णय मात्र एचपीएसपीवर सही करण्याआधीच घ्यावा लागतो.

नकार आला, किंवा थांबायचं ठरवलं

एमबीएच्या बाबतीत मी बहुतेकांना थांबायलाच सांगेन. एकही वॉर्ड न चालवलेल्या विद्यार्थ्यापेक्षा पाच वर्षं काम केलेल्या डॉक्टरला ती पदवी कितीतरी जास्त देते. सॅन अँटोनियोत आर्मी-बेलरचा आरोग्य प्रशासनाचा पदव्युत्तर कार्यक्रम मुख्यतः सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन किंवा एअरोस्पेस मेडिसिनच्या लष्करी रेसिडेन्सीत एमपीएच प्रशिक्षणाचाच भाग असतं, त्यामुळे या शाखा आवडत असतील तर विद्यार्थिदशेत त्यासाठी कर्ज काढू नका.

सेवेत असताना ट्यूशन असिस्टन्स (फीसाठी सैन्याची मदत) मिळतं, क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत. पण अधिकाऱ्याने ते घेतलं की शेवटचा विषय संपल्यापासून दोन वर्षं सेवा बांधली जाते. सेवा सोडण्याचा विचार असेल, तर त्या दोन वर्षांचा हिशेब पहिल्या विषयाला नाव नोंदवण्याआधीच करा. आणि ३६ महिन्यांची सक्रिय सेवा झाली की पोस्ट-९/११ जीआय बिलाचा, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या सरकारी योजनेचा, पूर्ण लाभ लागू होतो. तो ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा असतो. सरकारी विद्यापीठात कायद्याची तीन वर्षांची पदवी त्यात पूर्ण बसते.