अतिसंवाहक टेपमधील एसी हानीचे मॉडेल कसे बनवावे

अतिसंवाहकाला रोध नसतो, हे स्थिर प्रवाहापुरते खरे. प्रवाह उलटसुलट होऊ लागला की चुंबकीय फ्लक्स कडांमधून आत-बाहेर करतो आणि पदार्थातल्या दोषांवर अडकत-सुटत जाताना उष्णता सोडतो. ही हिस्टेरेसिस हानी, म्हणजे एसी (प्रत्यावर्ती) प्रवाहातल्या हानीचा मुख्य भाग. ७७ केल्व्हिनवर निर्माण झालेला १ वॅट खोलीच्या तापमानाला आणून टाकायला आदर्श शीतयंत्रालाही सुमारे ३ वॅट लागतात, खऱ्या यंत्राला त्याच्या कितीतरी पट.

१. आधी हातानेच उत्तर काढा. एकट्या पातळ पट्टीसाठी नॉरिस यांचे १९७० चे सूत्र आहे. क्रांतिक प्रवाह (ज्याच्यापुढे टेपमध्ये रोध जाणवू लागतो) १०० अँपिअर आणि वाहता शिखरप्रवाहही तेवढाच धरला, तर हानी दर आवर्तनाला दर मीटर सुमारे १.५ मिलिज्यूल येते. प्रवाह ५० अँपिअरवर आणला की ती जवळजवळ तेहतिसाव्या भागावर उतरते. हा आकडा जपून ठेवा.

२. पदार्थाचा नियम द्या. विद्युतक्षेत्र हे प्रवाहघनता आणि क्रांतिक प्रवाहघनता यांच्या गुणोत्तराच्या 'एन'व्या घाताप्रमाणे बदलते. क्रांतिक बिंदूवर ते सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट धरतात. एन २५ असेल, तर प्रवाह दहा टक्क्यांनी वाढताच क्षेत्र जवळपास अकरापट होते. गणित अडखळते ते या तीव्र चढामुळेच, म्हणून कालपायरी (गणित ज्या छोट्या टप्प्यांनी काळात पुढे सरकते तो टप्पा) बदलती ठेवा.

३. समीकरणांची मांडणी निवडा. ठोकळा किंवा मोजक्या टेप असतील तर एच-मांडणी (चुंबकीय क्षेत्र 'एच' हेच अज्ञात धरणारी) पुरते. तिच्यात हवेलाही रोधकता द्यावी लागते, साधारण १ ओहम-मीटर. शेकडो वेढ्यांच्या कॉइलला मात्र टी-ए मांडणी (टेपमध्ये प्रवाहाचे विभव 'टी' आणि चुंबकीय विभव 'ए' अज्ञात धरणारी) बरी: ४ मिलिमीटर रुंद टेपमधला अतिसंवाहक थर जेमतेम १ मायक्रोमीटर जाड असतो, आणि ही मांडणी त्याला जाडीच नाही असे मानते.

४. जाळी (गणितासाठी छेदाचे केलेले बारीक तुकडे) टेपच्या कडांजवळ दाट ठेवा. प्रवाह तिथूनच आत भरत जातो. प्रत्येक टेपमधल्या एकूण प्रवाहाची अट वेगवेगळी घाला. ती राहिली तर टेप टोकांना एकत्र जोडल्यासारख्या वागतात, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

५. विद्युतक्षेत्र गुणिले प्रवाहघनता यांचे छेदाच्या क्षेत्रफळावर आणि काळावर संकलन करा. पहिले अर्धे आवर्तन सोडून द्या, कारण तेव्हा टेप कोरी असते. दुसऱ्या अर्ध्याची दुप्पट म्हणजे एका आवर्तनाची हानी. सोबत स्थिर प्रवाहही असेल तर मात्र पूर्ण आवर्तन घ्या.

६. आता जपलेला आकडा काढा. क्रांतिक प्रवाहघनता स्थिर ठेवून एकाच टेपचे उत्तर त्याच्याशी ताडा. एन मर्यादित असल्याने तंतोतंत जुळणार नाही, पण दुपटीचा फरक दिसला तर जाळी किंवा प्रवाहाची अट तपासा. ते जुळेपर्यंत कॉइलला हात लावू नका. त्यानंतरच क्रांतिक प्रवाहघनतेचे चुंबकीय क्षेत्रावरचे अवलंबित्व घाला. त्यासाठी किम यांच्या साध्या सूत्रापेक्षा (क्षेत्र वाढेल तशी ती घनता घटते असे सांगणाऱ्या), क्षेत्राच्या कोनासह मोजलेला तक्ता चांगला.

टेपमधल्या तांब्याच्या थरातली भोवरा-प्रवाहांची हानी वेगळी मोजा. हिस्टेरेसिसची शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, तांब्यातली वर्गाच्या प्रमाणात. ५० हर्ट्झला ती सहसा किरकोळ ठरते. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या कॉइलमध्ये तसे गृहीत धरू नका.