हाफ-टन पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर: घेण्याआधीची आणि निघण्याआधीची तयारी

अमेरिकेत कॅम्पिंगची चटक लागली की तंबूकडून ट्रेलरकडे मन वळायला वेळ लागत नाही. दारात एफ-150, सिल्व्हराडो 1500 किंवा रॅम 1500 यांपैकी एखादी हाफ-टन, म्हणजे पूर्ण आकाराच्या पिकअपमधली सर्वांत हलक्या गटातली, असतेच. जाहिरातीत 11,000 पौंड ओढेल असं लिहिलेलं असतं आणि ट्रेलर विकणारा छातीठोकपणे सांगतो, "हाफ-टनला हा सहज जाईल." त्याचं ऐकून घ्या, पण सही करण्याआधी आपल्या ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा.

दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या किलोच्या किंवा पौंडांच्या वर जाऊ नये, असं एक वाक्य त्यावर छापलेलं असतं. हा तुमचा पेलोड. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो. फोर-व्हील ड्राइव्ह, सनरूफ, चामड्याच्या सीटा असं जे जे कारखान्यातून बसून आलंय, ते या आकड्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलचा आकडा तुमच्या कामाचा नाही आणि वेबसाइटवरचा तर मुळीच नाही.

आता कागद-पेन घ्या. समजा स्टिकरवर 1,520 पौंड आहेत, म्हणजे साधारण 690 किलो. नवरा, बायको आणि एक मूल मिळून 400 गेले, उरले 1,120. ट्रकला ट्रेलर जोडणारा सांधा म्हणजे हिच; वजन विभागणारा हिच स्वतःच 80 पौंडांचा, तो वजा केल्यावर 1,040. ट्रक घेतल्यानंतर बसवलेलं मागच्या हौद्यावरचं झाकण आणि रबरी मॅट यांचे 70 काढले की 970. हौद्यात जनरेटर, कूलर, खुर्च्या आणि सरपण असं 170 धरलं तर हातात 800 पौंड राहतात. ट्रेलरची दांडी हिचवर जो भार टाकते, म्हणजे टंग वेट, तो या 800 मध्येच बसवायचा आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांडीवर येतो. 13 टक्के धरा. 800 भागिले 0.13 म्हणजे जवळपास 6,150 पौंड. तुमच्या कुटुंबासाठी ट्रेलरची खरी मर्यादा ही आहे. जाहिरातीतले 11,000 कुठल्या कुठे राहिले.

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असं नाही. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 या प्रमाणानुसार तो काढलेला असतो आणि चाचणीसाठी ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ वापरतात. पण त्या हिशोबात ट्रकमध्ये प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसं असतात आणि हौदा रिकामा असतो. असा प्रवास आपल्यापैकी कोण करतो?

आपल्याकडे तर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि त्यांना यलोस्टोन दाखवायचंच असतं. मागच्या सीटवर ते दोघं बसले की आणखी 280 पौंड गेले. दांडीसाठी उरले 520, म्हणजे भरलेला ट्रेलर जास्तीत जास्त 4,000 पौंडांचा. ट्रक तोच, इंजिन तेच, पण सहा हजारांवरून चार हजारांवर आलो. वर्षातून एकदा का होईना, पाच जण जाणार असाल तर ट्रेलर पाच जणांच्याच हिशोबाने निवडा.

मग ट्रेलरच्या वजनाकडे वळा. माहितीपत्रकातलं 'ड्राय वेट' विसरा. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, बॅटरी बहुधा नसते, आणि डीलरने बसवून दिलेल्या गोष्टीही नसतात. पाणी गॅलनला 8.3 पौंड भरतं, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड वाढले. वीस पौंडी प्रोपेनचा सिलिंडर भरलेला असला की 37 पौंडांच्या आसपास जातो. असे दोन सिलिंडर दांडीवरच बसतात, शेजारी बॅटरी, आणि हे सगळं थेट टंग वेटमध्ये जमा होतं. त्यात कुकर, पोळपाट-लाटणं, वीस पौंडी कणकेची पिशवी, तांदूळ, डब्यांची चळत. आपलं स्वयंपाकघर हलकं नसतं, हे मान्य करून टाका. कोरड्या वजनात हजार पौंड मिळवले तर आकडा बऱ्यापैकी खरा निघतो. मला विचाराल तर ट्रेलरवर लिहिलेलं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, धरूनच खरेदी करावी. तेवढं भरलं नाही तर हिशोबात थोडी फट राहील, आणि ती हवीच असते.

दांडीवर भार जास्त येतोय म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलायची युक्ती कुणीतरी सुचवेल. ती अजिबात करू नका. बैलगाडीत माल मागे लादला की गाडी उलाळ होते, तसंच इथेही होतं, फक्त ताशी साठ मैलांच्या वेगात. दांडीवरचा भार 10 टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि शेवटी ट्रकलाच फिरवतो. जड वस्तू खाली आणि चाकांच्या थोड्या पुढे ठेवायच्या, मागच्या बंपरवर सायकली टांगायच्या नाहीत. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, तेही वाकून बघून घ्या, कारण ती भरल्यावर दांडीचा भार कुठल्या दिशेने बदलेल ते त्यावर ठरतं.

ट्रकच्या मागे हिच ज्यात बसतो त्या चौकोनी नळीवर, म्हणजे रिसीव्हरवर, आणखी एक स्टिकर असतं आणि ते वाचायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्यावर दोन जोड्या असतात: साध्या बॉलवर किती वजन चालेल आणि वजन विभागणाऱ्या हिचवर किती. पहिली जोडी अनेकदा ट्रेलरचे 5,000 आणि टंग वेटचे 500 पौंड एवढीच असते. वजन विभागणारा हिच मागच्या चाकांवरचा भार काही प्रमाणात पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर नेतो, त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडत नाही. पण दारावरचा पेलोडचा आकडा त्याने वाढत नाही. बॉलचा आकार कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाच्या बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, कोरलेल्या आकाराशी जुळतोय ना, तेही पाहा. सव्वादोनच्या जवळपासचा आणि दोन इंची बॉल नजरेला सारखेच वाटतात.

कागदावरचा हिशोब काट्यावर तपासायचा असतो. महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे अख्खा ट्रक तोलणारे काटे असतात, पंधरा-वीस डॉलरच्या आसपास काम होतं. माणसं बसवून, टाकी भरून, पूर्ण सामानासह जा. एकदा ट्रेलर जोडून, पण हिचचे भार पुढे-मागे विभागणारे स्प्रिंग बार न लावता वजन करा. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या ट्रकचं. समजा नुसता ट्रक 6,050 भरला आणि ट्रेलर जोडल्यावर त्याच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज 6,770 आली, तर दांडीवर 720 आहेत. ट्रेलरच्या चाकांवर 5,080 असतील तर ट्रेलरचं एकूण वजन 5,800 आणि दांडीचं प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या जवळ. उत्तम. तिसरं वजन बार लावून करा आणि मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा. हाफ-टनमध्ये पेलोडच्या जोडीने हाच ॲक्सल लवकर भरतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी टायर बघा. ट्रेलरच्या टायरवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, बदला. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची. टायरची वेगमर्यादाही पाहा, पुष्कळ ट्रेलर टायर ताशी 65 मैलांपुरतेच असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच 55.

रस्ताही हिशोबात धरा. डॅलसहून कोलोरॅडोला निघालात तर अमरिलोच्या आसपासचा आडवा वारा ट्रेलरच्या भिंतीवर आदळतो. अशा वाऱ्यात वेग कमी करणं किंवा सरळ थांबणं, याला तिसरा पर्याय नाही. पुढे चढ. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर 1,000 फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावतं आणि आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे. चढाला गाडी रडली तर रडू द्या, खरी परीक्षा उताराला असते. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना वापरायची गिअरची सेटिंग, चालू ठेवा, माथ्यावरच खालचा गिअर घ्या आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

सकाळी कपलर बंद करून पिन घाला, मग जॅकने दांडी किंचित वर उचलून ट्रकचं मागचं टोकही उचललं जातंय का ते पाहा. साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवेची तार साखळीला न अडकवता ट्रकला स्वतंत्र लावा. ट्रेलरच्या दिव्यांचा आणि ब्रेकचा सात पिनांचा प्लग बसवा, एकाला मागे उभं करून दिवे तपासा. मग रिकाम्या जागी ताशी वीसच्या वेगात ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरच्या लिव्हरने हाताने लावून बघा, ट्रेलर ट्रकला मागे खेचतोय हे जाणवलं पाहिजे. पहिला मुक्काम घरापासून दोन तासांच्या आत ठेवा. आणि ट्रेलर नवा असेल तर पहिल्या 50 मैलांत थांबून टॉर्क रेंचने चाकांचे नट पुन्हा कसा, ते सैल झालेले सापडू शकतात.